नोटीस आलीय, जप्ती न्हाय

आमचे चौगुले आबा पळताना स्वतःच्या पायांशी बोलतात. मनातल्या मनात नव्हे. मोठ्यानं, चारचौघांत, आणि पायांना उत्तर द्यायला वेळ सोडून.

"काय पावणं, काय म्हणणं हाय?" हे उजव्या गुडघ्याला. मग चार पावलं गप्प. मग, "ऐकलं. आता मुकाट पळा." डावी मांडी त्यांच्या मते मोठ्या घरची. तिला ते 'बाईसाहेब' म्हणतात आणि चढ आला की आधी तिची समजूत काढतात. एकदा रंकाळ्यावर एक अनोळखी गृहस्थ त्यांच्या शेजारून चालले होते. "काय पावणं, काय म्हणणं हाय?" हे ऐकून त्यांना वाटलं, आपल्यालाच विचारलं. त्यांनी भावकीतलं बांधाचं भांडण पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. आबांनी वेग कमी करून अर्धा रंकाळा ते सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "तुमचं बरोबर हाय. पर मी गुडघ्याला इचारलतं."

शाहूपुरीत आमच्या घरासमोर, जरा तिरकं, आबांचं घर आहे. माझं शिवणकामाचं दुकान आमच्या पुढच्या खोलीत. मशीनवर बसलं की आबांचा दरवाजा, दारातली तुळस आणि आत-बाहेर करणारी त्यांची बायको, मालनमावशी, एवढं सगळं मान न वळवता दिसायचं. आबांनी उभी हयात शिरोलीच्या एका फाउंड्रीत भट्टीवर काढली. लोखंड वितळवून साच्यात ओतायचं खातं त्यांच्याकडे होतं. पन्नाशीनंतर कंपनीतल्या तपासणीत साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी 'चाला' म्हणून सांगितलं. भट्टीच्या आवाजानं कान थोडे गेलेले, त्यामुळे आबांनी 'पळा' ऐकलं, असं मावशी म्हणायची.

पळताना अंगात कंपनीचा खाकी शर्ट, बाह्या मनगटापर्यंत. खाली मुलीनं पुण्याहून आणलेली निळी चकचकीत हाफ पँट. हातात टोमॅटो सॉसची रिकामी लाल बाटली, आत गूळ, लिंबू आणि मिठाचं पाणी. मधूनच ती तोंडात दाबायचे. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा पळता पळता नुसता सॉस पितोय.

मी त्यांच्या तावडीत सापडले ती पाठीमुळे. एका दिवाळीला ब्लाऊज शिवून शिवून पाठ अशी धरली की मला बाजेवरून उठवायला दोघं लागायचे. आबा दारात येऊन म्हणाले, "पोरी, उद्या पहाटं उभी ऱ्हा." मी उभी राहिले. गल्लीच्या टोकापर्यंत पळाले आणि विजेचा खांब धरला.

"आबा, दमलो." (कोल्हापुरात आम्ही बायकाही 'दमलो'च म्हणतो. दम तेवढाच लागतो.)

"दमली न्हाईस," आबा म्हणाले. "नोटीस आलीय. जप्ती न्हाय आली."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गल्लीत ते सगळ्यांना पाठ होतं. पाण्याची घागर उचलताना कुणी कण्हलं, जिना चढताना कुणी कठड्याला टेकलं, की कुठून तरी आबांचा आवाज यायचा, "नोटीस हाय ओ!" त्यांचं म्हणणं असं की शरीर फार भित्रं. गोदामात अजून कोळसा असतो, पण मेंदू हा गोदामाचा मॅनेजर. तो आधीच ओरडायला लागतो, संपला, संपला. त्याचं ऐकून घ्यायचं, मान डोलवायची आणि पळत राहायचं. खरंच संपल्यावर काय होतं ते वेगळं, आणि ते कळायला तीस किलोमीटर जावं लागतं.

ही विद्या त्यांनी मोबाइलवर मिळवली होती. डॉक्टर लोकांची भाषणं ते दुपारी पूर्ण आवाजात लावायचे. त्यामुळे आमची सगळी गल्ली स्नायूंच्या बाबतीत बरीच शिकलेली आहे. पण ऐकलेलं सगळं आबा भट्टीतून काढून घ्यायचे. साखर म्हणजे कोळसा, चटकन पेटतो, पण साठा थोडा. चरबी म्हणजे ओलं लाकूड. भरपूर असतं, पण पेटायला वेळ खातं. म्हणून सुरुवातीला जोरात पळणारा माणूस मूर्ख. तो सगळा कोळसा पहिल्या तासात जाळतो आणि मग ओल्या लाकडापुढं फुंकणी घेऊन बसतो.

एकदा रंकाळ्यावर एका कॉलेजातल्या पोरानं पाय चोळत म्हटलं, "लॅक्टिक ॲसिड साठलंय." आबा थांबले. आबा थांबणं ही साधी गोष्ट नव्हती.

"साठत न्हाय ते," आबा म्हणाले. "आमच्यात ओतकाम झाल्यावर मालाला लोखंडाचे जादा दांडके चिकटल्याले असत्यात. ते तोडून आम्ही उकिरड्यावर टाकतो व्हय? परत भट्टीत घालतो. तसंच हे. पायातनं निघालं, काळजाकडं गेलं, काळजानं जाळून वापरलं. तुझा पाय दुखतोय तो बारीक बारीक उसवलाय म्हणून. काय?"

"व्हय काका," पोरगा म्हणाला. त्याला सोडवून घ्यायचं होतं.

"आणि पायात सगळे कामगार एका वेळी कामावर नसत्यात. पहिली पाळी दमली की दुसरी येती. म्हणून माणूस लांब जातोय. कळलं न्हवं?"

हे पाळ्यांचं त्यांना सगळ्यात आवडायचं. दमलेल्या पाळीला घरी पाठवून नवी पाळी कामावर येते, तीही दमली की तिसरी. ते सांगताना त्यांचा चेहरा कंपनीतल्या जुन्या मित्रांची नावं घेतल्यासारखा व्हायचा.

मालनमावशीला या सगळ्याचं काही वाटत नव्हतं. शर्यतीत आबांचा नंबर कधी आला नाही, पण शेवटपर्यंत पोचल्याचं पदक दर वेळी मिळायचं. आबा ते आणून तिच्या हातात द्यायचे. ती फीत कापून घ्यायची आणि लोणच्याच्या बरणीच्या तोंडावरचा दादरा त्या फितीनं बांधायची. "मजबूत असत्यात," ती मला म्हणाली. "पदकाचं काय करायचं ते अजून कळलं न्हाय." आबा घामानं निथळत दारात आले की ती पहिला प्रश्न विचारायची, "कोथमीर?" ते कोथिंबीर विसरलेले असायचे. "एवढा पन्हाळ्याच्या वाटंला जाऊन आला," मावशी गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची, "पर मंडई काय ह्यांच्या वाटंत लागत न्हाय."

ती बुटकी, गोल चेहऱ्याची, माहेर मुरगूडचं. दुपारचं आवरलं की माझ्या दुकानाबाहेरच्या खुर्चीत येऊन बसायची आणि मी शिवत असताना धाग्याची टोकं कातरून द्यायची. एका पावसाळ्यानंतर माझ्या लक्षात आलं, की ती समोरच्या दारातून माझ्या दारापर्यंत येते आणि बसल्यावर लगेच बोलत नाही. आधी थोडा वेळ पदरानं वारा घेते.

"मावशी, बरं न्हाय का?"

"काय न्हाय ग. दमायला हुतंय."

"आबांना सांगितलं का?"

तिनं कात्री उचलून एक टोक कातरलं. "सांगितलं की. त्यांच्या दमण्याला लई नावं हायत. कोळसा म्हणत्यात, पाळी म्हणत्यात. माझ्या दमण्याला कुठलं नाव लावायचं ते मला ठावं न्हाय. ते पळून दमत्यात. मी नुसता उठून दमतो." मग हसली. "पळून दमलेल्याला शाबासकी असती बघ. उठून दमलेल्याला लोक आळशी म्हणत्यात."

आबांनी तिला आळशी म्हटलं नाही. ते त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांनी तिला चालायला न्यायला सुरुवात केली. त्यांना खरंच वाटत होतं, की बसून बसून भट्टी गार पडलीय, हळूहळू पेटवली की चालू होईल. रोज सकाळी स्वतःचं पळून झालं की ते तिला घेऊन निघायचे. ती चप्पल घालून, पदर खोचून त्यांच्या मागून जायची. ती थांबली की ते म्हणायचे, "मालन, नोटीस हाय ही. अजून राखीव हाय आत." आणि ती पुढं चालायची.

एका रविवारी मी दूध घेऊन येत होते. गल्लीच्या तोंडाशी बेकरीपाशी ती थांबलेली दिसली. हात छातीवर नव्हता की काही नव्हतं. नुसती उभी होती, ओठ जरा निळसर.

"त्या खांबापत्तोर चल," आबा म्हणाले. "खांबाला हात लावायचा आणि माघारी फिरायचं. बस्स."

ती खांबापर्यंत गेली. तिनं खांबाला हातही लावला. मग खांब धरूनच खाली बसत गेली, आणि शेवटी तिचं डोकं बाजूला कललं. माझ्या हातातली दुधाची पिशवी पडली. आबा रस्त्यात मांडी घालून बसले होते, तिचं डोकं मांडीवर घेऊन, आणि ती लाल बाटली तिच्या ओठांना लावत होते. "मालन, पी. मालन, साखर हाय ह्यात, पी." गुळाचं पाणी तिच्या गळ्यावरून ओघळत होतं.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तपासण्या झाल्यावर तिनं विचारलं, "धाप कधीपासून लागते?"

आबा बोलायच्या आत मावशी म्हणाली, "नवरात्राच्या आधीपासनं."

आबांनी वळून तिच्याकडे बघितलं. "मला बोलली न्हाईस."

"बोललो की," मावशी म्हणाली. "तुम्ही म्हणालासा, नोटीस हाय." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बाजारभाव सांगावा तसं ती म्हणाली.

डॉक्टरनं समजावून सांगितलं. हृदयाचा स्नायू सैल पडलाय, ताणून ताणून मोठा झालाय, रक्त पुढं ढकलायची त्याची ताकद कमी झालीय. औषधांनी सांभाळता येईल, पूर्वीसारखं होणार नाही. आबा खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होते. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. मी शेजारीच होते, म्हणून मला तो आठवतो.

"मॅडम, पायात पाळ्या असत्यात. एक दमली की दुसरी येती. ह्यात बदली कामगार न्हाईत?"

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "नाहीत काका," ती म्हणाली. "हृदयात सगळे एकाच पाळीत असतात. प्रत्येक ठोक्याला सगळे. जन्मापासून."

आबांनी मान हलवली. मग विचारलं, "मी चालवली म्हणून झालं?"

"नाही. हे आत बऱ्याच दिवसांपासून होतं. चालणं चांगलंच आहे, फक्त झेपेल तेवढं."

ते त्यांनी ऐकलं. बाहेर आल्यावर मला विचारलं, "त्या काय म्हणाल्या? मी चालवली म्हणून न्हवं न्हवं?" मी म्हटलं, "न्हाय, आबा." औषधाच्या दुकानात रांगेत उभं असताना पुन्हा विचारलं. रिक्षात पुन्हा. शेवटी मावशीच म्हणाली, "अवो किती येळा सांगायचं त्या पोरीनं?"

त्या दिवसापासून आबांचं पळणं बंद झालं. बूट धुऊन त्यांनी माळ्यावर टाकले. आणि ते नोटिशीचं वाक्य गल्लीत पुन्हा कुणी ऐकलं नाही. एकदा शेजारच्या वहिनी घागर घेऊन जिना चढताना सवयीनं आबांच्या दाराकडे बघून थांबल्या. आबा नुसते उठले, त्यांच्या हातातली घागर घेतली आणि वर ठेवून आले.

डॉक्टरनं सांगितलं होतं, थोडं चालायचं, बसायचं, पुन्हा चालायचं. किती थोडं, ते कसं ओळखायचं? तर चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य पुरं करता येत नसेल तर बसायचं. आबांनी हे वेदवाक्यासारखं धरलं. पहिलं काम त्यांनी केलं ते खुर्च्यांचं. गल्लीभर ठराविक अंतरावर त्यांनी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. पहिली माझ्या दुकानापुढं होतीच. दुसरी इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी, तिसरी बेकरीच्या पायरीवर. आता गल्लीत रिकामी खुर्ची म्हणजे वर्तमानपत्र वाचणाऱ्यांची सोय. सकाळी आबा आधी एक फेरी मारून सगळ्यांना उठवायचे.

"उठा पावणं. गाडी यायची हाय."

"कुठली गाडी?" बेकरीपुढं बसलेल्या एका माणसानं एकदा विचारलं. तो गल्लीत नवा होता.

"माझी मालन," आबा म्हणाले. तो माणूस एवढा गोंधळला की खुर्ची उचलून हातात घेऊनच उभा राहिला.

मग ती दोघं निघायची. तीस किलोमीटर पळणारा माणूस आता नव्या नवरीसारखा हळदीच्या पावलांनी चालायचा, तिच्या अर्धं पाऊल मागं, हात तिच्या कोपराखाली, पण न टेकवता.

"बोल," आबा म्हणायचे.

"काय बोलू?"

"कायबी. वाक्य पुरं झालं पायजे."

पहिले काही दिवस मावशीनं कोथिंबीर, गॅसची टाकी आणि पुण्याच्या मुलीची तब्येत यावर वाक्यं केली. ते विषय दोन खुर्च्यांच्या आत संपले. मग ती मुरगूडवर आली. वेदगंगेत म्हशी घातल्या की म्हशीचं शेपूट धरून ती पलीकडच्या काठाला जायची. तिची एक मैत्रीण होती, हौसा नावाची. ती पाण्याला भ्यायची, म्हणून काठावर बसून दोघींचे कपडे राखायची. लग्न ठरलं तेव्हा कोल्हापूर म्हणजे केवढं लांब असं वाटून ती गोठ्यात लपून बसली होती, आणि म्हशीनंच हंबरून पत्ता सांगितला. शाहूपुरीत आल्यावर पहिले कितीतरी दिवस बेकरीच्या वासानं तिला मळमळायचं. सासूला वाटलं, गोड बातमी.

"हे मला कधी सांगितलं न्हाईस," आबा म्हणायचे.

"तुम्ही कुठं थांबलासा कधी?" मावशी म्हणायची, आणि पुढचं वाक्य सुरू करायची.

एकदा ती माझ्या खुर्चीपर्यंत आली तेव्हा हसत होती. "ऐकलंस का," ती मला म्हणाली, "लग्नाआधी इचारायचं ते हे आता इचाराय लागल्यात. मला आंबा आवडतोय का फ..." हसण्यानं तिला पुढं बोलता येईना.

"वाक्य तुटलं," आबा ताबडतोब म्हणाले. "बस."

"अवो हसालोय मी!"

"हसतानाबी तुटतंय. बस आधी."

ती बसली. आबा तिच्यापुढं उकिडवे बसले आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिचा श्वास जाग्यावर येईपर्यंत त्यांनी स्वतःचा रोखून धरला होता असं मला वाटलं. मग मावशी म्हणाली, "फणस." आबांनी मान डोलवली, आणि दुसऱ्या दिवशी कुठून तरी, फणसाचे दिवस नसताना, वाळवलेले गरे घेऊन आले. कोथिंबीर त्या दिवशीही विसरले.

वर्षभर असं चाललं. मग आधी बेकरीची खुर्ची सुटली. आबांनी ती पुसून बेकरीवाल्याला परत दिली. "राहू दे की आबा, लागंल," तो म्हणाला. आबा म्हणाले, "न्हाय. आता इस्त्रीपत्तोरच जातो आम्ही." काही आठवड्यांनी इस्त्रीवाल्याची खुर्चीही गेली. मग ती फक्त माझ्या दारापर्यंत यायची. धाग्याची टोकं कातरायची, पण चार ब्लाऊज झाले की हात मांडीवर पडायचे. मग दारात बसायला लागली, आणि मी तिच्याकडे जायला लागले. दोन दारांमधलं एवढंसं अंतर, पण ते ओलांडताना मला अवघडल्यासारखं व्हायचं.

ती गेली ती उन्हाळ्यातल्या एका दुपारी. आबांनी दारातून मला हाक मारली. हाक मोठी नव्हती. मी गेले तर मावशी कॉटवर उशीला टेकून बसल्यासारखीच होती, आणि आबा हातात चहाची बशी घेऊन तिच्या शेजारी.

"परड्यात चिंचंचं झाड हुतं म्हणाली," आबा मला म्हणाले. "आणि त्याच्या... म्हणाली. त्याच्या काय, ते ऱ्हायलं."

मी त्यांच्या हातातून बशी घेतली.

आबा रडले नाहीत. मुलगी पुण्याहून आली, त्यांच्या गळ्यात पडून रडली, तर ते तिच्या पाठीवर थोपटत म्हणाले, "काय खाल्लंस का? आधी दोन घास खा." मुरगूडची माणसं आली, बायका गळा काढून रडल्या, आबा त्यांना पाणी देत फिरत होते. दहाव्याला, बाराव्याला, तेच. गल्लीत लोक बोलायचे ते बोललेच. "भट्टीवरचा माणूस, आतनं लोखंडच." मुलगी म्हणाली, पुण्याला चला. आबा म्हणाले, बघू. ती गेली, आणि आबा घरात एकटे राहिले. दिवसा दार उघडं असायचं, पण आत कुणी असल्याचा आवाज नसायचा.

पावसाळा सरल्यावर एके पहाटे मी दार उघडलं, तर आबा पायात बूट घालून समोरून चालले होते. मला बरं वाटलं. लोकांनाही बरं वाटलं, माणूस सावरला म्हणून. पण मग ते फार वेळ बाहेर राहायला लागले. कधी ऊन चढल्यावर यायचे, चेहरा राखेसारखा, शर्टावर मिठाचे पांढरे डाग. भिंत धरून कुलूप काढायचे. मुलीचा मला फोन आला. "ताई, बाबा या वयात पुन्हा लांब पळायला लागलेत. मला सांगत नाहीत कुठं जातात. जरा बघता का?"

म्हणून एका रविवारी मी स्कूटर काढून त्यांच्या मागं गेले. लपून नाही, त्यांना दिसत होते. शिवाजी पुलावरून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागले ते. मला एकदा बघितलं आणि पळत राहिले. केर्लीच्या पुढं दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, गुऱ्हाळाचा धूर खाली बसला होता. वाघबीळपर्यंत गेले आणि तिथून वळले. चहा घेऊ या म्हटलं तर हातानंच नको म्हणाले.

परतीच्या वाटेवर त्यांची पावलं लहान होत गेली. खांदे खाली आले. पाय उचलत नव्हते, घासत होते. ऊन वर आलं होतं. मी स्कूटर जवळ घेतली, आणि तेवढ्यात मला आवाज ऐकू आला. आधी वाटलं, श्वास अडकलाय. मी गाडी पुढं घालून आडवी लावली.

"आबा, बसा! खाली बसा आधी!"

ते मला वळसा घालून पुढं गेले. तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसला. आबा रडत होते. तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे, मोठ्यानं. मधे मधे "मालन" म्हणत होते, आणि पाय चालूच होते.

"आबा!"

"थांबवू नको पोरी," ते म्हणाले. "थांबलं की बंद हुतंय."

मी मागं मागं राहिले. उसाचा एक ट्रॅक्टर समोरून आला, ड्रायव्हरनं वेग कमी करून बघितलं, काय झालं म्हणून हातानं विचारलं. मी त्याला पुढं जायची खूण केली. आंबेवाडीपर्यंत आबा तसेच पळत आणि रडत गेले. मग हळूहळू रडणं कमी झालं आणि पळण्याचं चालणं झालं. रस्त्याकडेच्या एका चहाच्या टपरीच्या बाकड्यावर ते बसले. बसले म्हणजे पडले. मी पाणी आणून दिलं. तोंड धुऊन झाल्यावर त्यांनी शर्टाच्या बाहीनं ते पुसलं.

"घरात येत न्हाय," ते म्हणाले. "लई परयत्न केला. फोटोम्होरं बसलो. तिच्या साड्या काढून बसलो. न्हाय येत. अंगात जरा जरी जीव असला तरी शरीर हे आतलं धरून ठेवतंय. सगळी ताकद संपली, की मग त्येलाबी धरून ठेवाय जमत न्हाय. मग येतं."

"म्हणून एवढ्या लांब?"

"पयल्यांदा रंकाळ्यावरच आलतं. दोन-तीन फेऱ्यांत. मग फुलेवाडीपत्तोर जावं लागलं. मग केर्ली." त्यांनी दोन्ही हातांनी मांडी दाबली. "शरीर शिकतंय की ग. पाय तयार व्हाय लागले. दर खेपंला जरा लांब गेल्याबिगार येत न्हाय आता."

टपरीवाल्यानं दोन चहा आणून ठेवले.

"पुढच्या ऐतवारी पन्हाळ्याचा चढ घ्यावा लागंल बहुतेक," आबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तू येशील? येताना पडलो तर कोनतरी पायजे."

"येतो की," मी म्हणाले. "गाडीत पेट्रोल भरून ठेवतो."

त्यांनी चहाचा कप उचलला. चहा बशीत सांडायला लागला. मी माझा कप खाली ठेवला आणि त्यांचा कप खालून धरला. त्यांनी वाकून एक घोट घेतला, मग दुसरा. चहा संपेपर्यंत मी कप तसाच धरून बसले.